‘डी’ चौतीसवर गेलं, तरी आईचा गुडघा का दुखतो?

पत्र थोडक्यात असं: “आई ६९ वर्षांची, वजन ७४ किलो, उंची पाच फूट. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. खाली बसली की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. एक्स-रेत ‘गॅप (सांध्यातली फट) कमी, झीज ग्रेड ३’ असं आलं. व्हिटॅमिन डी ११ निघालं म्हणून डॉक्टरांनी ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे दिली. आता डी ३४ आहे, पण गुडघा तसाच. गावात कुणी म्हणतं सहा लाख युनिटचं इंजेक्शन मारा, कुणी म्हणतं पुडी रोज घ्या म्हणजे लवकर गुण येईल. आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी चालू आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या दोन गोळ्या दिल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. रोज सकाळी सातला ती ओट्यावर उन्हात बसते. आपल्याकडे एवढं ऊन असताना डी कमी कसं? आणि ऑपरेशन करावंच लागेल का? — यावल तालुक्यातून एक वाचक.”

भाऊ,

तुम्ही गोळ्यांच्या नावांसकट सगळं लिहिलंत, त्यामुळे उत्तर नेमकं देता येतंय. ११ वर असलेलं डी भरून काढणं गरजेचंच होतं. डॉक्टरांनी दिलेला डोस बरोबर होता आणि आईचं डी आता पुरेसं झालं आहे. सहा लाखांचं इंजेक्शन घेऊ नका आणि पुडी रोज तर अजिबात देऊ नका. डी कमी असेल तर ते भरावं, पण झिजलेल्या गुडघ्याचं ते औषध नाही. विहीर भरली म्हणून फुटलेली ठिबकची नळी सांधली जात नाही. गुडघ्यासाठी करायचं ते वेगळं आहे, त्याला तीन-चार महिने नेटानं द्यावे लागतात, आणि दुर्दैवानं पुडीच्या नादात तेच राहून जातं.

डीनं गुडघा बरा होतो ही समजूत मुळात आली कुठून, ते आधी सांगतो. १९९६ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत असं दिसलं, की ज्यांचं डी कमी त्यांच्या गुडघ्याची झीज जास्त वेगानं वाढते. त्यावरून डी दिलं तर झीज थांबेल, अशी आशा वाटणं स्वाभाविक होतं. पण गुडघे दुखणारा माणूस घराबाहेर कमी पडतो, उन्हात कमी जातो, त्याचं वजन वाढतं, आणि या सगळ्यामुळेही डी कमी होतंच. कोण कशामुळे, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. त्यासाठी एका गटाला खरं औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, अशी चाचणी करावी लागते.

अशा चाचण्या झाल्या. बोस्टनमध्ये १४६ रुग्णांवर दोन वर्षं चाललेल्या चाचणीचे निकाल २०१३ मध्ये आले: रोज २,००० युनिटपासून सुरुवात करून गरजेप्रमाणे डोस वाढवला, तरी दुखण्यात आणि कूर्चेच्या (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराच्या) झिजेत दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. ऑस्ट्रेलियातली २०१६ ची चाचणी तुमच्या आईला जास्त लागू पडते, कारण त्यात मुळात डी कमी असलेलेच ४१३ रुग्ण घेतले होते. महिन्याला ५० हजार युनिट, दोन वर्षं. रक्तातलं डी छान वाढलं; एमआरआयवर कूर्चा आणि रुग्णाचं दुखणं, दोन्हींत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये ४७४ जणांना रोज ८०० युनिट तीन वर्षं देऊन पाहिलं, तिथेही गॅप कमी होण्याचा वेग तोच राहिला. आपल्याकडे लखनौला डी कमी असलेल्या १०७ रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. त्यात वर्षभरानंतर दुखणं थोडं कमी झालेलं दिसलं, पण फरक लहान होता आणि चाचणीही लहान. सगळं एकत्र ठेवलं तर डीच्या भरवशावर गुडघा सोडता येत नाही, एवढं नक्की.

कारण समजायला सोपं आहे. डीचं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम आत घेण्याचं. ते हाडाला लागतं. गुडघ्यात झिजते ती हाडाच्या टोकावरची कूर्चा. तिला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत, आणि ती कॅल्शियमची बनलेली नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर आणि थकलेले स्नायू.

मग ११ चं डी भरून काय मिळालं? बरंच. १२ च्या खालची पातळी म्हणजे मोठी कमतरता. ती वर्षानुवर्षं राहिली तर हाडं मऊ पडतात आणि मांड्या-खुब्यांचे स्नायू दुबळे होतात. अशा माणसाला जमिनीवरून उठता येत नाही, जिना चढता येत नाही, चाल बदकासारखी डुलते आणि नडग्या, फासळ्या, मांड्या ठसठसतात. बऱ्याच घरांत हे सगळं ‘गुडघेदुखी’ या एकाच नावाखाली जातं. आईच्या बाबतीत यातलं काही होतं का, ते घरी ताडून पाहता येईल. नडगीचं हाड अंगठ्यानं मध्यावर जरा जोरात दाबा. तिथेच कळ येत असेल, दुखणं गुडघ्यापुरतं न राहता अंगभर असेल, तर डॉक्टरांना सांगून कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि गरज वाटल्यास पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) तपासून घ्या. मऊ पडलेलं हाड डी भरल्यावर सुधारतं, पण आठ आठवड्यांत नाही. काही महिने लागतात. उलट उठताना, जिना उतरताना, बराच वेळ बसल्यावर पहिली चार पावलं टाकताना गुडघ्यातच दुखत असेल, तर ती झीज. दोन्ही एकत्र असणंही विरळ नाही.

आता डोस, कारण गोंधळ होतो तो इथेच. ६० हजारांची एक पुडी आठवड्याला म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ हजार युनिट. भरून काढण्यापुरतं, आठ आठवडे, हे ठीक. तीच पुडी रोज घेतली तर महिन्याला १८ लाख युनिट होतात. डी चरबीत विरघळतं, जास्तीचं लघवीतून निघून जात नाही, शरीरात साठत राहतं. रक्तातलं निम्मं डी कमी व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून चूक लक्षात आली तरी परिणाम लगेच उतरत नाही. औषधाच्या कागदावर ‘आठवड्यातून एकदा’ हे बारीक अक्षरात असतं, आणि बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असल्यानं हीसुद्धा रोज जाते. चुकून चार-आठ दिवस रोज गेली असेल तर घाबरून जाऊ नका, पुडी बंद करा आणि डॉक्टरांना विचारून रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) पाहून घ्या. पुढे कधी पुन्हा आठवड्याची पुडी लागलीच, तर गावच्या आठवडे बाजाराचा दिवस ठरवा आणि घेतल्यावर कॅलेंडरवर खूण करा. एखादा आठवडा चुकला तर आठवेल तेव्हा एक घ्यायची, दोन एकदम नाही. उपाशीपोटी घेऊ नये. दिवसातलं जे भरपेट जेवण, ज्यात तेल-तूप आहे, त्यावर घेतली तर चांगली लागू पडते. पावडर असेल तर कपभर सायीच्या दुधात चालते.

सहा लाखांचं इंजेक्शन म्हणजे दहा पुड्या एका दिवशी. ते परत काढून घेता येत नाही. एकदम मोठा डोस म्हातारपणी उलटू शकतो, हे ऑस्ट्रेलियातल्याच २०१० च्या एका मोठ्या चाचणीनं दाखवलं: वयस्क बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट तोंडावाटे दिले, तर त्या कमी पडण्याऐवजी जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली. ज्यांना आतड्याच्या आजारामुळे तोंडावाटे डी लागूच पडत नाही, त्यांच्यासाठी इंजेक्शनचा विचार डॉक्टर करतात. आईला पुडी लागू पडली, ११ चे ३४ झाले. मग सुई कशासाठी?

यापुढे डी टिकवायचं कसं? सहसा ‘महिन्याला एक पुडी’ सांगतात. दिवसाला भागलं तर ती २,००० युनिट होते, आकडा काही वावगा नाही. तरीही ७० च्या आसपास असलेल्या, तोल जाणाऱ्या माणसाला रोजची छोटी गोळी आम्ही जास्त बरी मानतो. झुरिकमध्ये ७० च्या पुढच्या, आधी कधीतरी पडलेल्या २०० जणांवर चाचणी झाली. महिन्याला ६० हजार युनिट घेणाऱ्यांत पडणाऱ्यांची संख्या २४ हजार घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाली. रोज १,००० युनिटची गोळी मेडिकलवर मिळते. वजन जास्त असलेल्यांना डी जास्त लागतं, कारण बरंचसं चरबीत अडकून राहतं. त्यामुळे आईला १,००० की २,००० हे डॉक्टर ठरवतील. रोजची गोळी किंवा महिन्याची पुडी, दोन्हींपैकी एकच. पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी एकदा पुरे, दर महिन्याला पैसे घालवू नका. तपासणीचं नाव ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही.

आता ज्याची आम्हाला खरी काळजी वाटते ते. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी हातात घ्या आणि पट्टीमागचं लिखाण भिंग लावून वाचा. त्यात बहुतेक वेळा डीसुद्धा असतं, कुठे २५०, कुठे ५०० युनिट. ते एकूण हिशेबात धरायचं. पण तिथे ‘कॅल्सिट्रिओल ०.२५ मायक्रोग्रॅम’ असं लिहिलेलं असेल, तर ती गोष्ट वेगळी. ते डीचं तयार, कार्यरत रूप आहे. मूत्रपिंडाच्या काही आजारांत ते लागतं. साध्या कमतरतेत लागत नाही. ते रक्तातलं कॅल्शियम पटकन वाढवतं आणि तुम्ही केलेल्या डीच्या तपासणीत ते दिसतच नाही. म्हणजे रिपोर्ट ३४ आणि कॅल्शियम मात्र चढलेलं, असं होऊ शकतं. त्यात आईच्या बीपीच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवून धरतं. डी, कॅल्शियम आणि क्लोरथॅलिडोन तिन्ही एकत्र चालू असताना एकदा तरी रक्तातलं कॅल्शियम पाहायलाच हवं. बीपीची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

कॅल्शियम चढलं की काय होतं तेही ओळखून ठेवा. भूक मरते, मळमळतं, शौचाला कडक होतं, तहान फार लागते, लघवीला सारखं जावं लागतं, माणूस सुस्तावतो, बोलण्यात गोंधळतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा यातलं निम्मं ‘उन्हाचा त्रास’ म्हणून सोडून दिलं जातं. ही औषधं घेणारा माणूस उन्हाळ्यात असा गळाला, तर नुसतं कांद्याचा रस आणि पन्हं यावर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन कॅल्शियम तपासा.

कॅल्शियमच्या दोन गोळ्यांची गरज आहे का, हेही विचारा. या वयाच्या बाईला अन्न आणि गोळी मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम लागतं. दोन कप दूध, एक वाटी दही, चमचाभर न सोललेल्या तिळाची चटणी आणि रोजचं डाळ-भाजी-भाकरी एवढं पोटात जात असेल तर साताठशे मिलिग्रॅम अन्नातूनच होतं. वर ५०० ची एक गोळी बास. मुतखडा झालेल्या माणसानं दूध-दही तोडू नये. अन्नातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं आणि खडा व्हायला उलट आडकाठी करतं. गोळ्यांचं कॅल्शियम, विशेषतः उपाशीपोटी घेतलेलं, तसं वागत नाही. म्हणून कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबतच, एका वेळी ५०० च्या वर नाही. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यापासून चार तास लांब.

उन्हाबद्दल तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. खान्देशात ऊन रग्गड, पण डी बनवणारा किरण सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात जवळपास नसतो. सूर्य खाली असतो तेव्हा तो किरण हवेतच शोषला जातो. साधी खूण म्हणजे स्वतःची सावली: ती उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. तुमच्याकडे मेमध्ये ही वेळ सकाळी सव्वानऊच्या सुमारास येते. डिसेंबरात साडेबाराला, सूर्य सर्वांत वर असतानाही, सावली जेमतेम उंचीएवढी होते. म्हणून थंडीत दुपारचंच ऊन घ्यावं. डोक्यावरून पदर, हातभर बाह्या आणि पायघोळ लुगडं असेल तर उन्हात बसूनही किरण कातडीपर्यंत पोचत नाही. खिडकीच्या काचेतून तर नाहीच. शिवाय वयानं कातडीची डी बनवण्याची ताकद घटते आणि सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो. एप्रिल ते जूनमध्ये साडेनऊच्या सुमारास दंड आणि पोटऱ्या उघड्या ठेवून पंधरा-वीस मिनिटं, डोकं झाकून, पाणी पिऊन. थंडीत बाराच्या पुढे अर्धा तास. कातडी लाल होईपर्यंत बसायचं नाही. सातचं ऊन आईला बरं वाटत असेल तर बसू द्या, सांधे मोकळे होतात, पण डीच्या खात्यात ते धरू नका. अन्नातून डी फार मिळत नाही. अंड्याच्या बलकात थोडं, आणि पिशवीवर ‘अधिक एफ’ अशी निळी खूण असलेल्या दुधात आणि तेलात मिसळलेलं असतं.

आता गुडघा. इथे खरा जोर लावायचा आहे.

आईची मांडी मजबूत करणं हे पहिलं औषध. व्यायाम बाजेवर नको, ती झोळ घेते. दिवाण किंवा सपाट पलंग हवा. उताणं झोपवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्यानं गुंडाळी खाली दाबायची, मांडीचा वरचा स्नायू दगडासारखा घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे, सहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. मग दुसरा पाय गुडघ्यात दुमडून हा पाय सरळ ठेवून वीतभर-दीड वीत उचलायचा, पाच मोजायचे, हळू खाली आणायचा. तेही दहा वेळा. पाय धाडकन सोडला तर निम्मा व्यायाम वाया जातो, कारण पाय खाली आणतानाही स्नायू राबतो. मग कुशीवर वळून वरचा पाय सरळ बाजूला उचलायचा, यानं खुब्याचा स्नायू सुधारतो आणि चालताना डुलणं कमी होतं. शेवटी खुर्ची. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही, वर घडी घातलेली गोधडी टाकून ती उंच करा. हात छातीवर बांधून उठायचं, बसायचं, पाच वेळा. धपकन बसायचं नाही. आठवड्यानं गोधडीची एक घडी कमी. सगळं दिवसातून दोनदा, दोन्ही पायांनी.

व्यायामात थोडं दुखणारच. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशीही जास्तच राहिलं किंवा गुडघा फुगला तर आकडे निम्मे करा, बंद करू नका. घरोघरी नेमकं उलटं होतं: पहिल्या चार दिवसांत दुखलं म्हणून सोडून दिलं जातं, आणि पुढच्या वर्षी मांडी आणखी बारीक झालेली असते. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. जमल्यास दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत तपासून घ्या.

दुसरं वजन. ७४ वरून ७० वर आली तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण १६ किलोनं हलका होतो, कारण कमी झालेला एक किलो गुडघ्याला चार किलोसारखा लागतो. सहा महिन्यांत चार ते सात किलो हे जमणारं आहे. उपास नकोत, त्यात मांडीचा स्नायूच झिजतो. तेल मोजा: चार माणसांना महिन्याला अडीच लिटर. भरिताची फोडणी, शेवभाजीवरचा तवंग, बट्टीवरचं तूप यांत ते किती जातं ते एक महिना लिहून पाहा, मग कळेल कुठे कात्री लावायची. कळण्याची भाकरी, उडदाचं वरण, दही, ताक, चालत असेल तर अंडी, हे ताटात राहू द्या. साखरेचा चहा चार वेळा होत असेल तर दोनवर आणा.

तिसरं, घरातले बदल. उकिडवं आणि मांडी घालून बसणं शक्य तेवढं बंद. भाकरी थापणं, निवडणं, भाजी चिरणं सगळं टेबलावर किंवा ओट्यावर. देशी संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. आईच्या रोजच्या दुखण्यावर या एका वस्तूचा उपयोग कित्येक गोळ्यांपेक्षा जास्त होईल, आणि रात्री पडण्याची भीतीही कमी होईल. काठी डाव्या हातात, कारण उजवा गुडघा जास्त दुखतो. दुखऱ्या बाजूच्या हातात काठी धरणं ही सगळीकडे दिसणारी चूक. हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत येईल एवढी तिची उंची हवी आणि खाली रबरी बूच हवं. पायऱ्या चढताना आधी डावा, उतरताना आधी उजवा.

दुखणं फार असेल त्या दिवसांत डायक्लोफेनॅकचं जेल चांगलं, पण पुरेसं लावलं तर. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. एका गुडघ्याला एका वेळी दोन ते चार ग्रॅम, दिवसातून तीन वेळा. चार ग्रॅम म्हणजे ३० ग्रॅमच्या ट्यूबचा साधारण आठवा भाग. वर शेक किंवा घट्ट पट्टा नको. आईच्या बाबतीत जेलचीही डॉक्टरांना कल्पना द्या. मेडिकलवरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मात्र नकोच. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन चालू असताना डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांतली गोळी पडली की मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर मूत्रपिंड बसूही शकतं. ‘वातावरच्या’ बिनलेबलच्या पुड्याही नकोत. दोन दिवसांत चमत्कार दाखवणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचे प्रकार आढळले आहेत. त्यानं हाडं ठिसूळ होतात, साखर आणि बीपी वाढतं.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, पोटरी एकाच पायाची सुजली, किंवा गुडघा अडकून हलेचना, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

ऑपरेशनचं म्हणाल, तर ग्रेड ३ हा आकडा ते ठरवत नाही. ग्रेड ३ असून शेतात फिरणारे आहेत आणि ग्रेड २ वर झोप उडालेलेही आहेत. एक्स-रे उभं राहून काढला होता ना, ते पाहा. झोपून काढलेल्यात गॅप खोटा मोठा दिसतो. वर सांगितलेलं सगळं तीन-चार महिने खरोखर केल्यावरही आईची रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड होत असेल, पाय बाहेर वाकत चालला असेल, तर हाडाच्या सर्जनला दाखवा. तोवर डी, हिमोग्लोबिन, साखर आणि बीपी जागेवर आणून ठेवा, आणि मांडीचे व्यायाम ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत चालू ठेवा. ज्यांची मांडी आधीच भक्कम असते ते नंतर लवकर चालू लागतात. या आठवड्यात मात्र एवढं करा: आईच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि दोन्ही डॉक्टरांचे कागद एकाच पिशवीत घालून त्यांपैकी एकाकडे न्या, आणि रक्तातलं कॅल्शियम व क्रिएटिनिन तपासायला सांगा.